माझी गाडी पुढे होती

भाऊजी,

तुमचा खोका सुरू होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं. बटण वर केलं की लाल दिवा लागतो, टीव्हीवर दोन गाड्या येऊन उभ्या राहतात, शर्यत सुरू होते, आणि थोड्या वेळाने सगळं तापून बंद पडतं. म्हणजे चालतो म्हणणारे तुम्ही खरे आणि चालणार नाही म्हणणारी मीही खरी. हा निकाल तुम्हांला मान्य होणार नाही. मलाही नाही.

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली. तुमच्या आक्का सोनगीरला सासरी परत गेल्या, पुरणपोळ्यांचं खापर घासून माळ्यावर ठेवलं, कॉलेजच्या मुलांचे डबे आजपासून पुन्हा सुरू झाले. सकाळची खेप गेली आणि मी बसले. तुम्ही गेलात तेव्हा पेपरात तुमच्या फोटोखाली चार ओळी छापून आल्या होत्या. त्यात ‘मनमिळाऊ’ असं लिहिलं होतं. मी फोटो पुन्हा नीट पाहिला, दुसऱ्या कुणाचा तर नाही ना. मनमिळाऊ माणसाला अख्ख्या गल्लीने पत्त्यांच्या डावातून काढून टाकलेलं नसतं.

आपलं सगळं तिथूनच तर सुरू झालं. आखाजीला आपल्याकडे पुरुष पत्ते कुटतात आणि माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात. मी सावद्याची. आमच्याकडे त्या दिवशी एकही कडुलिंबाचं झाड झोक्यावाचून मोकळं नसायचं. लग्न होऊन धुळ्याला आले तर आपल्या देवपुरातल्या घराला झाड नाही, अंगण नाही, जिन्याखाली तुमची सायकल. शिवाय तुमच्या आक्का सोनगीरहून माहेरी येणार, म्हणजे खापरावर पुरणपोळ्या करायला मी सासरीच हवी. नणंदेचं माहेर आणि माझं माहेर एकाच दिवशी होऊ शकत नाही, हा हिशेब मला पहिल्याच वर्षी कळला. जेवणं झाली की तुमचे दादा पत्त्यांना जायचे, आक्का पाठ टेकायच्या, आणि घरात दोघंच जागे उरायचे. एक मी, जिला झोका नाही. दुसरे तुम्ही, ज्यांना पत्त्यांत कुणी घेत नाही, कारण हरलात की पानं वाटणाऱ्यानेच चूक केली म्हणायचात.

तेव्हा जळगावला तुमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एका आखाजीला तुम्ही तिथून एक करड्या रंगाचा खोका घेऊन आलात. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. वरच्या फटीत कॅसेट खुपसायची, वायरीचे दोन रिमोट. आणला होता आमच्या लेकीसाठी. लेक खेळून कंटाळली, मोठी झाली, नोकरीला पुण्याला गेली. पुढे सपाट टीव्ही आले, तुमचं दुकान मिटलं, तुम्ही बॅगा घेऊन आमच्या वरच्या खोलीत आलात. खोका होताच. कॅसेट चालेना की तुम्ही ती काढून तिच्यात फुंकर मारायचात, अगदी चूल फुंकल्यासारखी, आणि मग दोन गाड्या यायच्या. लाल माझी, निळी तुमची. दर आखाजीला.

एकदाच मी तुम्हांला मुद्दाम जिंकू दिलं होतं. तुम्हांला ताप होता, डोळे लाल झाले होते, मला वाटलं जिंकू द्यावं बिचाऱ्याला. पुलापाशी मी बटणावरचं बोट काढलं. तुमची गाडी पुढे गेली, आणि तुम्ही उठून टीव्ही बंद केलात. “माले भीक नको, वहिनी,” म्हणालात आणि वर निघून गेलात. रात्रीचं ताट वर पाठवलं तर तसंच झाकलेलं परत आलं. एरवी तुम्ही माझ्याशी शहरातलं मराठी बोलायचात. अहिराणीत शिरलात की समजायचं, एकतर हरताय, नाहीतर दुखावलाय.

गेल्या आखाजीला काय झालं ते मी पुन्हा लिहिते, कारण तुम्ही वर्षभर ते चुकीचं सांगत फिरलात. शेवटची फेरी होती. माझी लाल गाडी पूल ओलांडून पुढे होती. तुमची निळी मागे, वळणावर कठड्याला घासत. तेवढ्यात टीव्ही काळा झाला आणि खोक्यातून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत खोका.

“शर्यत रद्द,” तुम्ही ताबडतोब म्हणालात. खोका विझवायच्या आधी.

“माझी गाडी पुढे होती.”

“पुढे होती म्हणजे पोचली नव्हती.”

“मग काय, वळून माघारी जाणार होती?”

“काय सांगावं. बाई गाडी चालवत होती.”

यावर मी तुम्हांला संध्याकाळी भजी दिली नाहीत. तुम्ही जाहीर केलंत की खोका दुरुस्त करणार आणि शर्यत पहिल्या फेरीपासून पुन्हा होणार. पण आतलं सगळं वितळलं होतं. तसे भाग आता मिळत नाहीत म्हणालात. दुसरा कुणी असता तर नवा गेम आणला असता, किंवा ‘जा, तुम्ही जिंकलात’ म्हणाला असता. लोक वादापायी कोर्टात जातात. तुम्ही त्या खोक्याच्या आत अख्खा कॉम्प्युटर बसवायला घेतलात.

खोका केवढा, तर माझ्या चार पुडाच्या डब्याचे दोन पूड आडवे ठेवले तर मावतील एवढा. त्यात बोर्ड, पंखा, वायरी, सगळं कोंबायचं, जुनी शर्यत त्या कॉम्प्युटरवर चढवायची, जुन्याच रिमोटांनी खेळायची, आणि बाहेरून काही कळता कामा नये. तोच करडा रंग, तेच वर-खाली होणारं बटण, तीच कॅसेटची फट. सामान भटूभाऊंकडून यायचं. तुमचा हा एकुलता एक मित्र भंगाराच्या धंद्यात, ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर किलोवर घेणारा आणि किलोवर विकणारा. पहिला बोर्ड आणून दिला तेव्हा मी चहा घेऊन आले होते. ते म्हणाले, “अरुणभाऊ, हाऊ बोर्ड चालू शे का बंद, माले माहीत नही. वजन पक्कं शे.”

तुम्ही तो बोर्ड खोक्यात आडवा घालून पाहिलात, उभा घालून पाहिलात, मग करवतीने खोक्याच्या आतले प्लॅस्टिकचे खांब कापलेत. मी दारात उभी राहून पाहत होते. डबे भरणं हे माझं काम आहे, त्यामुळे मला बोलल्याशिवाय राहवलं नाही.

“झाकणाला वरून भोक पाडा.”

“कशाला?”

“वाफ जायला.”

“वहिनी, यात वाफ नसते.”

“गरम होतं ना? मग वाफेसारखंच काहीतरी असणार. गरम पोळ्यांवर झाकण दाबलं की डब्याला घाम सुटतो. मी सावद्याची आहे. केळी पिकवायच्या खोलीचं दार लावलं की आत काय होतं ते लहानपणापासून पाहिलंय. दाटून भरलेला माल स्वतःच्याच उष्णतेने तापतो.”

“हाई केळं नही, वहिनी. प्रोसेसर शे.”

“केळ्याला निदान दार असतं.”

“भोक पाडलं तर तो आपला खोका राहील का? पाहणाऱ्याला फरक कळता कामा नये.”

“पाहणारं आहे कोण? तुम्ही आणि मी.”

“म्हणूनच,” तुम्ही म्हणालात, आणि स्क्रू शोधायला खाली वाकलात.

तुमचं ते ‘म्हणूनच’ तिथेच टाकून मी खाली गेले. फोडणी करपत होती.

मग तुमचा कूलरचा उद्योग. मे महिना, धुळ्याचा. खोका चालेना, म्हणजे चालायचा आणि विझायचा. भोक पाडायला तयार होईना कोण, तर तुम्ही. त्याऐवजी वॉशिंग मशीनचा जुना पाइप आणलात, एक तोंड खिडकीतल्या कूलरला बांधलंत आणि दुसरं खोक्याच्या कॅसेटच्या फटीत खुपसलंत. थंड हवा थेट आत. मला खाली बोलावणं आलं, “वहिनी, या, बठ्ठं व्हई गयं.” सगळं झालं म्हणे. मी मिक्सरवर वाटण फिरवत होते. निघणार एवढ्यात वर ठप्प झालं, घरातली वीज गेली, आणि वाटण अर्धं राहिलं. वर जाऊन पाहते तर तुम्ही पाइप हातात धरून उभे आणि खोक्यातून पाणी ठिबकतंय. कूलरची हवा ओली असते हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्यासमोर कुणी पापड वाळत घालत नाही. कॉम्प्युटर मात्र तुम्ही घातलात.

“बोर्ड गेला,” तुम्ही म्हणालात. “कल्पना बरोबर होती.”

त्या दिवशी सगळ्या मुलांना डब्यात कोरडी चटणी गेली. एकाने चिठ्ठी पाठवली, ‘काकू, बरं नाही का?’ मी उत्तर पाठवलं, ‘मी बरी आहे. वरच्या मजल्यावर एक आहेत, त्यांना बरं नाही.’

थंडी पडली तसा तुमचा दुसरा बोर्ड झकास चालायला लागला. धुळ्याची थंडी, सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. तुम्ही शाल गुंडाळून खोक्यासमोर बसायचात आणि मला जिन्यातून हाक मारायचात, “पाहा वहिनी, एकही भोक नाही.”

“डिसेंबरात माझं डोकंसुद्धा थंड असतं,” मी म्हणाले. “चालतोय ना? मग बसा. आत्ताच शर्यत उरकून टाकू.”

तुम्ही मान हलवलीत. “आखाजीची शर्यत आखाजीलाच.”

मी इथे थोडं जास्त भांडायला हवं होतं. एरवी भांडायला मी कमी केलेलं नाही.

चैत्रात तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणालात, रिक्षा येईपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसलात. रिक्षा आली तेव्हा तिचा उपयोग नव्हता. याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहायचं नाही. पायरीवर बसतानाही ‘बठ्ठं व्हई जाई’, सगळं ठीक होईल, म्हणालात, एवढंच नोंदवते. तुमचे अंदाज नेहमीच असे असायचे.

दिवस झाल्यावर तुमचे दादा म्हणाले, वरची खोली आवरून टाक, काय असेल ते भटूला देऊन टाकू. मी आवरायला गेले. चार शर्ट, एक शाल, आणि बाकी सगळी तारांची जाळी. त्यात भांड्यांवर नावं कोरायचं तुमचं ते छोटं मशीन सापडलं. मी डबे सुरू करायचं ठरवलं तेव्हा घरात कुणाला पसंत नव्हतं. दादा गप्प होते, आक्का गप्प नव्हत्या. तुम्ही बरं-वाईट काहीच म्हणाला नाहीत. जळगावहून आलात, माझे नवे डबे ओळीने मांडलेत आणि प्रत्येकावर आकडा कोरलात. दिवसभर ते घूं घूं चाललं होतं. संध्याकाळी आक्का म्हणाल्या, आता आकडे पडलेत, आता काय दुकानदार परत घेणार. म्हणजे धंदा सुरू झाला तो तुमच्या आकड्यांमुळे. मी तेव्हा तुम्हांला म्हणाले होते, “आठचा आकडा वाकडा आलाय.” तो अजून वाकडाच आहे. त्यात भरलेलं सगळं अजून सरळ पोचतं. तेव्हा म्हणायचं राहिलं ते हे.

मशीन मी खाली आणलं. खोकाही आणला. भटूभाऊ टेम्पो घेऊन आले होते, त्यांना म्हटलं, बाकी सगळं न्या, हे दोन नाही. त्यांनी खोका हातात घेऊन तोलला आणि परत दिला.

मग मी तो टीव्हीला जोडला. सुरू झाला. दुसऱ्या फेरीत विझला. मी स्क्रू काढून झाकण उघडलं, आणि भाऊजी, आत माझं अर्धं स्वयंपाकघर निघालं. पंख्यावर जाळी म्हणून माझी चहाची गाळणी, दांडा कापलेली. वायरी दाबून धरायला माझ्या जुन्या डब्याची कडी. आणि खोका उलटा केला तर बुडाला, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, गोल कापून माझ्या सोऱ्याची जाड शेवेची चकती बसवलेली. हवा आत यायला. म्हणजे भोकं होती. झाकणाला नव्हती, बुडाला होती. माझं अर्धं म्हणणं तुम्ही गुपचूप ऐकलं होतंत आणि मला तोंडावर नाही नाही म्हणत होतात. फक्त खालून आत घेतलेली हवा तापून वर चढल्यावर बाहेर कशी पडणार, एवढा विचार राहिला.

त्या चकतीवरून मी शेजारच्या मंगलाबाईंशी दिवाळीपासून बोलत नव्हते. सोऱ्या त्यांनी नेला होता आणि चकती तेव्हापासून दिसत नव्हती. आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे सांजोऱ्यांचं ताट नेऊन दिलं. त्यांनी विचारलं, कसं काय येणं केलं. मी म्हटलं, भाऊजींची इच्छा होती.

आता आखाजीचं सांगते. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, पण आखाजी पितरांचीच, तेव्हा घागर भरायलाच हवी. नवी लाल घागर आणली, पाण्याने भरली, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट लावत आक्कांनी एकेक नाव घेतलं. सासऱ्यांचं, सासूबाईंचं, त्यांच्याही आधीच्यांचं. शेवटी तुमचं, तेही दोनदा. घागर थोडी कलली होती, मी ती नीट केली.

मग पितर जेवू घालायचा. त्या दिवशी त्या पाटावर जो जेवतो तो आपलं गेलेलं माणूसच असतो. त्याच्या पाया पडायचं, त्याला टॉवेल-टोपी द्यायची, आवडीचं वाढायचं, आणि तो तृप्त होऊन उठला पाहिजे. तुमच्या वयाचा, तुम्हांला ओळखणारा, आणि ज्याच्याशी तुमचं भांडण झालेलं नाही असा माणूस शोधायचा होता. पहिल्या दोन अटींत पुष्कळ जण बसत होते. तिसरीत एकटे भटूभाऊ उरले.

ते पांढरा शर्ट घालून आले आणि दाढ काढायला आल्यासारखे पाटावर बसले. मी पाया पडायला वाकले तर पाय ओढून घेऊ लागले. “वहिनी, नका, मना हात भंगारना.” आक्कांनी डोळे वटारले तेव्हा पाय जागेवर आले. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया, आणि भजी. तुमची गेल्या वर्षीची राहिलेली भजीही त्यातच धरा. भटूभाऊ चांगलं जेवले. हात धुवून निघणार, तर मी टीव्हीसमोर चटई टाकली.

“इथे बसा. तुमची शर्यत राहिलीय.”

“मनी?” त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का ते.

“आज तुम्ही भाऊजी आहात ना? पाया पडून घेतलं, टोपी घेतली. मग शर्यतही घ्या.”

“वहिनी, माले यातलं काहीच येत नही.”

“त्यांनाही फार येत नव्हतं.”

मी बटण वर केलं. झाकण मी लावूनच ठेवलं होतं, तुमच्या शब्दाखातर. स्क्रू मात्र काढून बाजूला ठेवले होते. शब्द तुमचा, ऊन वैशाखाचं.

पत्ते या वर्षी घरासाठी बंद होते, त्यामुळे तुमचे दादा खाटेवर बसून होते. त्यांनी मला आत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, “एवढं खेळतेच आहेस तर त्याला जिंकू दे. गेलेल्या माणसाची शर्यत आहे.” आक्का तर मोठ्यानेच म्हणाल्या, “व माय, पितरले कोनी हरावस का? पितर नाराज गया ते वरीसभर घरले लागस.”

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, हे खरं. पितर तृप्त होऊन उठला पाहिजे. हरलेला माणूस तृप्त कसा होईल? सगळी तयारी मी केली होती, खोका झटकला, रिमोट पुसले, फक्त जिंकायचं की हरायचं याचा विचार केला नव्हता. तुमच्याशी खेळताना तो करावा लागत नसे.

पहिल्या फेरीत भटूभाऊंनी निळी गाडी उलटी पळवली. दुसरीत कठड्याला लावून लावून नेली, गुरं हाकावीत तशी. “आते काय दाबू?” असं दर वळणाला विचारत होते. पण माणूस भंगारवाला, हाताला चीज लवकर कळते. हळूहळू त्यांना लागलं गमू. जीभ दातांत धरली, टोपी मागे सरकवली. शेवटच्या फेरीला निळी गाडी माझ्या अगदी शेजारी होती. तोवर खोक्यातून पंख्याचा आवाज चढला होता.

पूल आला. आक्का पदर तोंडाशी धरून माझ्याकडे पाहत होत्या, टीव्हीकडे नाही. मी बटणावरचं बोट उचललं. निळी गाडी चाकाएवढी पुढे गेली.

आणि मला ते झाकलेलं ताट आठवलं, तुम्ही वरून तसंच पाठवलेलं.

मी शर्यत थांबवली. “एक मिनिट,” म्हटलं, उठले, खोक्याचं झाकण उचलून बाजूला ठेवलं. गरम हवेचा भपका तोंडावर आला, पोळ्यांच्या डब्यासारखा. पंखा शांत झाला. मी खाली बसले, पदर खोचला, आणि मग गाडी चालवली. पूल, वळण, चिंचोळी वाट. भटूभाऊ मागे येत होते, चांगले येत होते. पण लाल गाडी रेघ ओलांडून गेली. पुढे होती, आणि पोचली.

तुमचे दादा भिंतीकडे वळून बसले. आक्कांनी घागरीकडे पाहून हात जोडले, मी केलेल्या गुन्ह्याची माफी मागावी तसे. भटूभाऊंनी रिमोट खाली ठेवला, टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी सारखी केली आणि उंबरठ्याशी गेले. रीत आहे म्हणून आक्कांनी भीत भीत विचारलं, “पोट भरनं ना, भाऊ?”

“पोट भरनं,” भटूभाऊ म्हणाले. “पन शर्यत रद्द शे.”

“काय?” मी म्हणाले.

“झाकन काढानं ठरेल नव्हतं.”

“माझी गाडी पोचली की.”

“पोचनी. पन झाकन उघडं व्हतं. पुढला आखाजीले परत. मी शिकी येसू.”

आणि गेले. सरळ चेहऱ्याने. थट्टा करत नव्हते, खरोखर रागावले होते.

आक्का उंबरठ्यावर बसल्या. “अरुणच उना व माय,” म्हणाल्या, “अरुणच,” तुम्हीच आलात म्हणे, आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. दादा भिंतीकडे तोंड करूनच बसले होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मी दोघांना पाणी दिलं. भांडी पडली होती, ती घासायला घेतली. नळ मोठा सोडला होता, तेव्हा माझं कुणाला काही ऐकू गेलं नसणार.

तर असं आहे. पितर तृप्त गेला की नाही यावर घरात दोन मतं आहेत. माझं मत, ज्याला पुढच्या वर्षी परत यायचंय तो नाराज नाही. पण शर्यत पुन्हा रद्द झाली हे मी मान्य करते, तेही या एकाच कारणाने, की झाकणाचं खरोखर ठरलं नव्हतं. पुढच्या वेळी असं कारण कुणाला मिळायला नको. झाकण लावूनच शर्यत पूर्ण करायची असेल तर एकच उपाय आहे, आणि तो मी पहिल्या दिवशी सांगितला होता.

ड्रिल मागवलं आहे. मागच्या बाजूला, वायरींच्या वर, समोरून पाहणाऱ्याला दिसणार नाही अशी जागा मी पेन्सिलीने आखून ठेवली आहे. वर बारीक शेवेची चकती बसवते. जाड शेवेची मला लागते, ती मी बुडाची काढून घेणार आहे, तिथे दुसरी जाळी लावेन. रविवारी डब्यांना सुट्टी असते, तेव्हा काम उरकीन.

हरकत असेल तर त्याआधी येऊन सांगा.